प्लांट उभाच आहे, शेअर मात्र गेला

एप्रिलमध्ये देवगडला एका मित्राच्या पॅकिंग शेडमध्ये बसलो होतो. तो पेटीत गवत पसरून आंबे लावत होता, लावता लावता मध्येच हात पुसला आणि मोबाईल माझ्यासमोर धरला. ब्रोकरच्या अ‍ॅपवर एका कंपनीचे ५,००० शेअर, खरेदी भाव २ रुपये ४० पैसे, आणि विकायची ऑर्डर टाकली की मेसेज येत होता, ट्रेडिंग सस्पेंडेड. बारा हजार रुपये, म्हणजे त्याच्या शेडमधल्या एका कामगाराचा जवळजवळ महिन्याचा पगार. त्याचा प्रश्न अगदी सरळ होता, "शेअर माझ्या खात्यात दिसतत मा, मगे ईकले कित्याक जायनत नाय?"

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण नाव बदललं तरी गोष्ट तीच राहते. कर्ज फेडता आलं नाही म्हणून कंपनी एनसीएलटीमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीच्या केसेस चालवणाऱ्या ट्रिब्युनलमध्ये गेली, तिथे केस दाखल झाली, आणि त्यानंतर, हो त्यानंतर, याने हे शेअर घेतले. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी टाकलं होतं की एके काळी दोनशेला असलेला शेअर आता दोन रुपयांना मिळतोय, कंपनीची जमीन बघा, फॅक्टरी बघा, विकलं तरी दहा रुपये सुटतील. मी कणकवलीत इन्कम टॅक्सची रिटर्न भरायचं काम करतो, दर जुलैत असे दोन-तीन जण तरी येतात आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं, "कंपनीची जमीन आसा, फॅक्टरी आसा, ईकली तर आमचो वाटो मेळतलो मा?"

या वाक्याचं उत्तर द्यायला मला लांब जावं लागत नाही, गुहागर तालुक्यात अंजनवेलला जाऊन यायचं. दाभोळ पॉवरचा प्लांट, अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीने उभा केलेला, ज्याला आपण सगळे अजूनही एन्रॉनच म्हणतो, तो तिथे उभा आहे. एन्रॉनचा शेअर ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेत ९० डॉलरच्या आसपास होता, २ डिसेंबर २००१ ला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा तो एक डॉलरच्याही खाली आलेला, आणि शेवटी दिवाळखोरीच्या प्लॅनमध्ये जुने शेअर रद्द झाले, शेअरहोल्डरच्या हातात त्या प्लॅनमधून काही पडलं नाही. एन्रॉनच्या अमेरिकेतल्या कामगारांनी तर रिटायरमेंटचे पैसे स्वतःच्याच कंपनीच्या शेअरमध्ये ठेवले होते. शेअरहोल्डरना पुढे जे काही मिळालं ते कोर्टात वेगळा दावा लावून, आणि त्यातला मोठा हिस्सा बँकांनी तडजोडीत भरला, सगळं मिळून साधारण ७.२ अब्ज डॉलर. इकडे अंजनवेलचा प्लांट २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या कंपनीकडे गेला आणि बाजूच्या जेट्टीवर गॅसची जहाजं आजही लागतात. चिमण्या आहेत, टाक्या आहेत, जमीन आहे. शेअर तेवढा नाही.

कारण शेअर म्हणजे जमिनीचा तुकडा नव्हे. सगळ्यांची देणी भागवून जे उरेल त्यातला वाटा, तो शेअर. न उरलं तर वाटा शून्य, मग जमीन कितीही एकर असो. आणि त्या जमिनीचा सातबारा काढून बघा, इतर हक्कात बहुतेक वेळा बँकेचा बोजा असतोच, म्हणजे लोक ज्या जमिनीकडे बघून शेअर घेतात ती आधीच दुसऱ्या कोणाकडे गहाण असते.

२०१६ चा दिवाळखोरी कायदा, ज्याला आयबीसी म्हणतात, त्याच्या कलम ५३ मध्ये रांग लिहून ठेवली आहे. कंपनी लिक्विडेशनमध्ये गेली, म्हणजे ती बंद करून विकायचं ठरलं, की लिक्विडेटर मालमत्ता विकतो आणि आलेले पैसे या रांगेनेच वाटतो. पहिल्यांदा या सगळ्या प्रक्रियेचा खर्च, पूर्ण. मग कामगारांचा मागच्या २४ महिन्यांचा पगार आणि त्यांच्याच बरोबरीने तारण सोडून रांगेत आलेल्या बँका. मग बाकीच्या स्टाफचा १२ महिन्यांचा पगार. मग तारणाशिवाय कर्ज दिलेले, मग दोन वर्षांचं सरकारी देणं आणि तारण विकूनही ज्यांचे पैसे पुरे वसूल झाले नाहीत अशा बँका, मग उरलेली सगळी देणी, मग प्रेफरन्स शेअरवाले, आणि सगळ्यात शेवटी, ज्याच्या मागे कोणीच उभं नाही असा, साधा इक्विटी शेअरहोल्डर. वरच्या पायरीवरच्याचं पूर्ण भागल्याशिवाय पैसा खाली उतरत नाही.

हे बऱ्याच जणांना अन्याय वाटतं. मला वाटत नाही.

मालवणच्या बंदरात ट्रॉलर लागला की हिशोब कसा होतो ते आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं, आधी डिझेल, मग बर्फ, मग रेशन, ते वजा झाल्यावर तांडेल-खलाशांचं काय ते, आणि मग बोटवाल्याचा भाग. मासळी चांगली लागली तर बोटवाला सगळ्यात जास्त घेतो आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही, पण ट्रिप फुकट गेली तर डिझेलची उधारी त्याच्याच नावावर राहते, खलाशाला कोणी म्हणत नाही की तू खिशातून भर. शेअरहोल्डर हा बोटवाला आहे. कंपनीला नफा झाला तर बँकेला ठरलेलं व्याजच मिळतं, कामगाराला ठरलेला पगारच, आणि उरलेली सगळी वाढ शेअरहोल्डरची, तिला वरची मर्यादा नाही. ज्याने वरची सगळी बाजू घेतली त्याने खालची घ्यायलाच हवी. लोटे परशुराम किंवा महाडच्या एमआयडीसीत वीस वर्षं केमिकलमध्ये हात घातलेल्या माणसाचा पगार थकला असताना, शेअर घेऊन बसलेल्या माझ्यासारख्याला आधी पैसे मिळाले तर ते मला पटणार नाही.

आणि या शेवटच्या जागेच्या बदल्यात शेअरहोल्डरला एक मोठी गोष्ट मिळालेली आहे. कंपनी हजार कोटींना बुडाली तरी बँक माझ्या घरावर किंवा कोणाच्या आंब्याच्या कलमांवर जप्ती आणू शकत नाही, शेअरचे पूर्ण पैसे भरलेले असले की विषय तिथेच संपला. (पार्टली पेड शेअर असतील तर मात्र उरलेला कॉल, म्हणजे भरायचे राहिलेले पैसे, लिक्विडेटर मागू शकतो, हे लक्षात ठेवा, अर्धे पैसे भरून घेतलेला शेअर स्वस्त दिसतो पण त्याची शेपूट लांब असते.)

एक प्रकार वेगळा आहे तोही सांगून टाकतो. कंपनीवर देणं उरलेलं नाही किंवा सगळी देणी फेडू शकतो असं डायरेक्टर लिहून देतात, आणि मालक मंडळी स्वतःहून कंपनी बंद करतात, ते ऐच्छिक लिक्विडेशन. तिथे शेअरहोल्डरला खरंच पैसे येतात. शेअर बाजारात जे दोन-तीन रुपयांचे शेअर लोकांना मोह घालतात ते या जातीचे नसतात.

तर शेवटची जागा योग्य आहे. माझी तक्रार दुसरीच आहे, आणि ती अशी की शेवटपर्यंत पैसे पोचणार नाहीत हे जवळजवळ कळून चुकल्यावरही रांगेतली ती शेवटची जागा बाजारात उघडपणे विकली जाते, आणि ती घेणारा माणूस बहुतेक वेळा असतो देवगडचा, दापोलीचा, खेडचा, ज्याला ती रांग आहे हेच माहीत नाही.

घरकर्ज देणाऱ्या डीएचएफएल कंपनीचं उदाहरण घ्या, कारण तिथे सगळे आकडे उघड होते. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१९ मध्ये बोर्ड बरखास्त केलं, कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, मान्य झालेले दावे सुमारे ८७,००० कोटींचे, आणि कंपनी घ्यायला आलेल्या पिरामलची बोली ३४,२५० कोटींची. वजाबाकी तिसरीतला मुलगा करेल. ज्यांनी तिथे एफडी ठेवल्या होत्या त्यांनासुद्धा मोठी कात्री लागली, मग त्यांच्याही मागे उभ्या असलेल्या शेअरहोल्डरसाठी पैसा कुठून येणार होता? तरी शेअर दीड वर्ष ट्रेड होत राहिला. ७ जून २०२१ ला एनसीएलटीने पिरामलचा प्लॅन, म्हणजे कंपनी घेऊन कोणाला किती द्यायचं तो आराखडा, मंजूर केला, तर दुसऱ्या दिवशी शेअर वर गेला, लोकांना वाटलं पिरामल आला म्हणजे आता चांदी. त्याच प्लॅनमध्ये जुन्या शेअरची किंमत शून्य धरलेली होती. १४ जूनपासून ट्रेडिंग बंद, मग डीलिस्ट, म्हणजे बाजाराच्या यादीतूनच नाव गेलं. त्या शेवटच्या चार-पाच दिवसांत ज्यांनी खरेदी केली, त्यांचे पैसे गेले कुठे? कंपनीकडे एक रुपया गेला नाही, कामगाराकडे नाही, बँकेकडेही नाही. ज्याला कळलं होतं त्याने ज्याला कळलं नव्हतं त्याला शेअर विकला, एवढंच झालं.

जेट एअरवेज तर आणखी लांबलं. १७ एप्रिल २०१९ ला शेवटचं विमान उडालं, जूनमध्ये केस एनसीएलटीत दाखल झाली, प्लॅन मंजूर झाला, अडकला, अपिलं झाली, आणि ७ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने लिक्विडेशनचा आदेश दिला. पाच वर्षांहून जास्त काळ जमिनीवर बसलेल्या कंपनीचा शेअर लोक घेत-विकत होते. मंडणगडच्या माझ्या एका नातेवाईकाने तो घेतला होता कारण त्याला वाटायचं विमानं तर आहेत ना. पुन्हा तीच जमीन आणि तीच फॅक्टरी.

इथे कोणीतरी हमखास रुची सोया या खाद्यतेलाच्या कंपनीचं नाव काढतं, माझ्या मित्रानेही काढलंच. खरं आहे, पतंजलीने दिवाळखोरीतली रुची सोया घेतली, जानेवारी २०२० मध्ये शेअर पुन्हा बाजारात आला तेव्हा १७ रुपयांच्या आसपास होता आणि पाच-सहा महिन्यांत दीड हजारावर गेला. पण त्या आधी जुन्या शेअरहोल्डरच्या प्रत्येक १०० शेअरचा १ शेअर केला होता हे ग्रुपवर कोणी लिहीत नाही. आणि तो भाव वर गेला कारण पब्लिककडे कंपनीचा जेमतेम एक टक्का शेअर होता, विकायला मालच नव्हता. म्हणूनच २०२१ मध्ये नियम बदलला, की अशी कंपनी पुन्हा बाजारात येताना पब्लिककडे निदान ५ टक्के पाहिजेत आणि तीन वर्षांत २५ टक्के करायचे. एका अपवादाच्या जोरावर शंभर मेलेले शेअर विकले जातायत, आणि डीएचएफएल, रिलायन्स कॅपिटल, जिथे जुन्या शेअरहोल्डरला शून्य मिळालं, ती नावं त्या मेसेजमध्ये कधीच नसतात.

मग एनसीएलटीत केस दाखल झाली की ट्रेडिंग सरसकट बंदच करा, असं म्हणावं का? बरेच दिवस मी हेच म्हणायचो. पण आमच्याच ऑफिसात एक रिटायर्ड शिक्षिका आल्या होत्या, त्यांनी कंपनी चांगली असताना, दहा वर्षांपूर्वी शेअर घेतलेले, आणि त्यांचं म्हणणं होतं की रुपया तर रुपया, निदान बाहेर पडता येतंय, ते दारही बंद केलंत तर आमचं काय. बरोबर होतं त्यांचं. विकायचं असेल तर समोर घेणारा लागतो. मला त्यावर लगेच उत्तर सुचलं नव्हतं.

आज जे सुचतंय ते हे. घेणाऱ्याला घेऊ दे, पण डोळे उघडे ठेवून. कंपनीची केस दाखल झाली की रिझोल्यूशन प्रोफेशनलला, म्हणजे त्या काळात कंपनीचा कारभार बघणाऱ्याला, मान्य दाव्यांची यादी वेबसाईटवर लावावीच लागते, म्हणजे कंपनीवर एकूण किती देणं आहे हा आकडा गुपित नाही. शेवटच्या बॅलन्सशीटमधली मालमत्ताही गुपित नाही. गुपित असते ती लिक्विडेशन व्हॅल्यू, म्हणजे कंपनी बंद करून विकली तर किती येतील तो अंदाज, आणि ती लपवण्यामागे कारण आहे, बोली लावणाऱ्याला ती कळली तर तो तेवढ्यावरच थांबेल. ठीक, ती राहू दे गुपित. पण देणं किती आणि मालमत्ता किती हे दोन आकडे खरेदीचं बटण दाबायच्या आधी स्क्रीनवर मोठ्या अक्षरात यायला काय हरकत आहे? आणि खाली एक ओळ, की ही देणी पूर्ण फिटल्याशिवाय या शेअरला काही मिळत नाही. मराठीत. कन्नडवाल्याला कन्नडमध्ये, गुजरातवाल्याला गुजरातीत. आत्ता जे पॉपअप येतात ते बहुतेक इंग्रजीत, तीन-चार अक्षरी शॉर्टफॉर्म असलेले, माझ्या मित्राने तो पॉपअप नेटवर्कचा काहीतरी मेसेज असेल समजून बंद केला होता.

दुसरं, रोजच्या रोज सर्किट लावत, म्हणजे भावाच्या दिवसाच्या मर्यादेला टेकत, धावणारं ट्रेडिंग बंद करून आठवड्यातून एक दिवस ठेवा. ही काही नवीन व्यवस्था बांधायची गोष्ट नाही, निगराणीतल्या काही शेअरसाठी एक्स्चेंजकडे ही सोय आधीपासून आहे, ती अशा प्रत्येक कंपनीला पहिल्या दिवसापासून लावायची. त्या शिक्षिकेला बाहेर पडायला दार राहील आणि ग्रुपवर सकाळी आलेल्या मेसेजवर दुपारी पैसे ओतणारा माणूस चार-पाच दिवस तरी थांबेल, तेवढ्यात कोणाला तरी विचारेल.

तिसरं, लिक्विडेशनचा आदेश झाला की मात्र खरेदी-विक्री संपली पाहिजे, त्याच दिवशी. २०१३ च्या कंपनी कायद्यात ट्रिब्युनलमार्फत वाइंडिंग अप, म्हणजे कंपनी गुंडाळणं, सुरू झाल्यावर केलेलं शेअर ट्रान्सफर ट्रिब्युनलने मान्य केल्याशिवाय रद्दच धरलं जातं. म्हणजे कायद्याला हे शहाणपण नवीन नाही. तेच बाजाराच्या नियमात सगळीकडे सारखं लागू करा.

शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने नोव्हेंबर २०२२ मध्ये एक प्रस्ताव चर्चेला ठेवला होता, की नवीन मालक ज्या अटींवर येतो त्याच अटींवर जुन्या पब्लिक शेअरहोल्डरनाही नव्या कंपनीत थोडा भाग विकत घ्यायची संधी द्यावी. मला तो प्रस्ताव मनापासून योग्य वाटतो, कारण त्यात फुकट काही मागितलेलं नाही, पैसे भरायचेत, बँकेच्या ताटातलं काढून घ्यायचं नाही, फक्त दार उघडं ठेवायचं. फक्त माझी एक अट आहे, ही संधी केस दाखल व्हायच्या आधी ज्यांच्याकडे शेअर होते त्यांनाच द्या. नंतर घेणाऱ्यांनाही दिलीत तर दोन रुपयांच्या शेअरचा जुगार आणखी वाढेल, त्या हक्काच्या आशेवरच लोक घेतील.

माझ्या कामाच्या बाजूचं एक. गेलेले पैसे टॅक्समध्ये तोटा म्हणून दाखवता येतात का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. शेअर विकलाच नाही तर तोटा झाला असं मानायचं की नाही यावर वर्षानुवर्षं वाद चालू होता. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ज्युपिटर कॅपिटलच्या केसमध्ये सांगितलं की भांडवल कमी करताना शेअर रद्द झाले तर तेही ट्रान्सफरच, म्हणजे विकल्यासारखंच, तोटा धरता येतो. हे चांगलं झालं. पण नुसते सस्पेंड होऊन डिमॅटमध्ये पडून राहिलेले शेअर त्यात आपोआप बसत नाहीत, त्यामुळे कंपनीचा रिझोल्यूशन प्लॅन, एनसीएलटीची ऑर्डर, डीलिस्टिंगची नोटीस हे कागद जपून ठेवा, आणि आपल्या सीएला शून्य झालेल्या शेअरबद्दल स्वतःहून सांगा, लाज वाटून लपवू नका. लोक खरंच लपवतात, बायकोपासूनही लपवतात, आणि मग नफ्यावर पूर्ण टॅक्स भरतात.

देवगडच्या मित्राला मी त्या दिवशी पेटीच्या पुठ्ठ्यावर पेनाने रांग काढून दाखवली, वरून खाली आठ पायऱ्या, आणि सगळ्यात खाली त्याचं नाव लिहिलं. मग मोबाईलवर त्या कंपनीच्या दाव्यांची यादी उघडली, ती तिथे होती, कोणालाही दिसेल अशी, इंग्रजी पीडीएफमध्ये, चाळीस की पंचेचाळीस पानं. शेवटच्या पानावरची बेरीज आणि बॅलन्सशीटमधली मालमत्ता हे दोन्ही आकडे मी पुठ्ठ्यावर पायऱ्यांच्या बाजूला लिहिले. तो बराच वेळ बघत राहिला. मी विचारलं, हे तुला आधी अ‍ॅपवर दिसलं असतं तर घेतले असतेस का?

"ह्ये आकडे दिसले असते," तो म्हणाला, "तर मियां पयलो फोन तुकाच केलो असतो."